कोपराचं माप

आमच्याकडे बाई उभ्यानं खात नाही, उभ्यानं पाणी पीत नाही, आणि उभ्यानं स्वयंपाक तर नाहीच नाही. स्वयंपाक म्हणजे चुलीपुढे बसायचं, मांडी घालून नाहीतर एक गुडघा पोटाशी घेऊन. माझा उजवा गुडघा पोटाशीच काय, कुठेच जात नव्हता. सुगीत भाताचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून येताना पाय घसरला, मी खाली आणि भारा माझ्यावर. प्लास्टर उतरलं तेव्हा हाड जुळलं होतं, पण गुडघा वाकायचं विसरला होता. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, चालता येईल, खाली बसता येणार नाही. मी म्हटलं, चालता येतंय ना, झालं तर मग. चुलीचा विचार डॉक्टरांनी केला नव्हता आणि मीही केला नव्हता. तो माझ्या सासूनं केला.

सासूचं नाव धोंडूबाई. आमच्या टेमघर गावातल्या निम्म्या बाया तिला लांबून बघूनच पदर सारखा करायच्या. माझ्या पडण्यानं तिला उतारवयात परत चुलीपुढे बसावं लागलं. तिचीही बोटं सांध्यांत वाकडी झालेली, उठताना भिंत धरायची, तेव्हा तिचा राग खोटा होता असं मी म्हणणार नाही. नळावर ती सगळ्यांना ऐकवायची, "शिमगा जाऊं दे. मंग हिला कशेलीला धाडते. पाय बरा होईपर्यंत."

कशेळी माझं माहेर. तिथं भाऊ, भावजया आणि त्यांची पोरं, एका पडवीत अर्धा संसार. पाय बरा होणार नव्हता हे धोंडूबाईला ठाऊक होतं आणि मलाही. म्हणजे पाय बरा होईपर्यंत याचा अर्थ कायमचं. लग्नाला तीन वर्षं झाली होती, मूल नव्हतं, तोही दोष माझ्याच माथी. शेजारच्या ठमाबाईनं तर मुलीचं नावही काढलं होतं. भिवंडीत गवताची वखार असलेल्या माणसाची मुलगी, गोदू. तिचा नवरा वारलेला. अशा बाईशी दुसरेपणाचं लग्न करायचं तर फार गाजावाजा लागत नाही, आम्ही त्याला पाट लावणं म्हणतो. घरच्या चार माणसांत उरकतं, आणि पहिली बायको माहेरी असली की आणखीच सोपं.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, पण मी घेते. केसरीनाथ. भिवंडीत पॉवरलूमवर कामाला होता. मी रडले की म्हणायचा, "आये बोलते तशी बोलते. तू मनावर नको घेव. मी हाय ना." त्या हिवाळ्यात मी या 'मी हाय ना'वर जगले.

त्याच्या हातांचं मला कौतुक होतं, ते सांगायला हवं. लूमवर ताण्याचं सूत तुटलं की ते लूम थांबवून, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर जोडायचं असतं. त्याची एक वेगळीच गाठ असते, बारीक, चपटी, शेपूट नसलेली. बोट फिरवलं तर कळते, डोळ्यांना दिसत नाही. आमच्या घरात दुसऱ्या कुणाला ती यायची नाही. माझी गळ्यातली पोत तुटली होती तेव्हा त्यानं तिचा दोरा त्याच गाठीनं जोडून दिला होता. मानेमागे हात गेला की ती गाठ बोटाला लागायची आणि मला उगाच बरं वाटायचं.

आता कपाटांबद्दल. स्वयंपाकघरात दोन सागवानी कपाटं होती, जावाजावांसारखी शेजारी उभी. माझा सासरा महादू मचव्यातून मिठाच्या खेपा करायचा. मचवा जुना झाला तेव्हा मोडून त्याच्या फळ्यांची ही कपाटं करवली. तेव्हाचं घर खाडीला लागून होतं, उधाणाचं पाणी आत यायचं, म्हणून पाय चांगले उंच ठेवले. पुढं सासरा गेला, घर गावात आलं, कपाटांचे पाय मात्र तसेच उंच राहिले. बसून स्वयंपाक करणाऱ्या बाईला ती कधीच सोयीची नव्हती, हळदीची डबी हवी तरी उठायचं. पावसाळ्यात त्या फळ्यांना अजून मीठ फुटायचं. बोट लावून चाटलं तर खारट.

मला मात्र ती कपाटं देवासारखी पावली. मी अंगानं उंच. उभी राहिले की कपाटाचा माथा माझ्या कोपराच्या जरासा खाली यायचा. त्याला कंबर टेकून, पायावरचा भार कमी करून मी तिथं तांदूळ निवडायचे, मसाला वाटायचे, भाकरी थापायचे. थापलेली भाकरी वाकून खाली चुलीपाशी सासूच्या हातात द्यायची. ती घेताना म्हणायची, "कपाटावर भाकर थापतेस, उद्या माल्यावर चढून भात रांधशील."

एकदा धीर करून मी म्हटलं होतं, "आये, या दोन कपाटांवर एक कडप्पा टाकला आन् वर स्टोव्ह ठेवला, तर सगला सैपाक मी करीन. तुमाला चुलीपुढं बसाला नको."

"रॉकेलचा वास मारनारं जेवान माझ्या घरात न्हाय," ती म्हणाली, आणि विषय संपला.

शिमगा आला. होळी पेटली, नाचून-गाऊन झालं, राख थंड झाली. मी रोज सकाळी उठून तिच्या तोंडाकडे बघायचे, आज म्हणेल, लुगडी बांध. ती म्हणाली नाही. उलट एक दिवस जेवताना केसरीनाथला म्हणाली, "उभा वोटा करू. चुलीचा धूर आता सोसत न्हाय. नवी कपाटं कराला आपली ऐपत न्हाय, हीच ठेवू न् वर कडप्पा टाकू."

माझ्या हातातला भाताचा चमचा तसाच राहिला. युक्ती माझी, शब्द माझे, पण मला त्याचा राग आला नाही. मला रडू आलं. मला वाटलं, म्हातारीचं मन शेवटी द्रवलं. बोलायला कडू असली तरी आतून माणूस आहे. त्या रात्री मी केसरीनाथला म्हटलं, "बघितलंत? आयेनं माझ्यासाटी वोटा काढला." तो कूस बदलून म्हणाला, "झोप आता."

मी कामाला लागले ती दुसऱ्या दिवसापासून. गोठ्याची एक भिंत पडली होती, तिच्या विटा मी उभ्यानं घासून साफ केल्या, मोरीची कड बांधायला. कडप्पा मिळाला तो एका बाजूनं टवका उडालेला, म्हणून स्वस्त. टवक्याची बाजू भिंतीकडे करायची असं मीच सुचवलं. कपाटांची दारं भुसा आणि चिंचेच्या कोळानं घासली, वाळल्यावर जवसाचं तेल पुसलं, तर सागाचा रंग असा वर आला की ठमाबाईसुद्धा बघायला आली. शुक्रवारी लूम बंद असतात. त्या दिवशी केसरीनाथ भिवंडीच्या बाजारात गेला आणि दिवे लागायच्या वेळी एक जुना वातींचा स्टोव्ह घेऊन आला. एका स्टोव्हला एवढा वेळ कसा लागला, हे मी विचारलं नाही. तो माझ्याकडे न बघता पाय धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी ठमाबाईनं स्टोव्ह उलटसुलट करून बघितला. मग हळूच म्हणाली, "बाय, रागावू नको. ती वखारवाल्याची गोदू बोलते, मी चुलीपुढं बसनार न्हाय. बापसाकडं स्टोव्हवर रांधते ती."

मी तिच्यावर उखडले. लोकांच्या चुलीत बोटं घालायची तुझी खोड जाणार नाही, म्हणाले. ती गेली आणि मी स्टोव्ह पुसत बसले, म्हणजे उभीच राहिले. शुक्रवारी एवढा उशीर का झाला, हे मी तेव्हाही केसरीनाथला विचारलं नाही. ज्याला बुडायची भीती असते तो पाणी किती खोल आहे ते विचारत नाही.

सुतारकामाला रामनाथमामा आला. तो कशेळीचा. त्याच्या बापानं आणि त्यानं मिळूनच ही कपाटं केली होती, म्हणून धोंडूबाईनं त्यालाच बोलावलं. आपलीच कामगिरी म्हटल्यावर मजुरी कमी घेईल, असा तिचा हिशोब. मला त्यानं फ्रॉकात बघितलेलं. आल्या आल्या म्हणाला, "काय गं कमल, पाय कसा हाय?" मी म्हटलं, "पाय ताठ हाय, मामा. माझ्यासारखाच." तो हसला. धोंडूबाई हसली नाही.

आम्ही कपाटं रिकामी केली. डबे, बरण्या, सुक्या मासळीची मडकी, सगळं पडवीत मांडलं. कपाटं भिंतीपासून पुढं ओढली. रामनाथमामानं हातानं एक-एक पाय चाचपला, खाली वाळवी नाही ना ते बघितलं आणि विचारलं, "वोट्यावर उभी कोन राहनार? माप द्या. कोपराच्या खाली चार बोटं दगड आला पायजे, न्हायतर कंबर मोडते."

मी पुढं झाले. पदर खोचून कोपर वाकवलंसुद्धा.

"तू नको," धोंडूबाई म्हणाली. "माप हाय माझ्याकडं." आणि तिनं कनवटीतून सुताची एक गुंडी काढली.

तसं यात काही वेगळं नव्हतं. सुनेनं परक्या पुरुषापुढे हात पसरून उभं राहायचं नाही, म्हणून आमच्याकडे माप सुतानंच जातं, मग ते चोळीचं असो की बांगडीचं. पण रामनाथमामा परका नव्हता. आणि माझं माप तिनं घेतलं कधी? मी आठवून बघितलं. झोपेत घेतलं असेल का? झोपलेल्या माणसाचं माप घेत नाहीत, ते मेलेल्याचं घेतात. आणि आडव्या बाईच्या पायापासून कोपरापर्यंतचं माप ओट्याला कसं चालेल? मी माझ्या मनाला वेड्यासारखी समजावत होते, म्हातारीनं नजरेनं मापलं असेल, ती हुशार आहे.

रामनाथमामानं सूत उलगडलं. खालून पांढरं होतं आणि वरच्या टोकाला लाल सुताचा तुकडा जोडलेला. "लाल सुरू होतं तितं कोपार," धोंडूबाईनं सांगितलं. त्यानं पांढरं टोक जमिनीला धरलं आणि सूत कपाटाला लावून वर ताणलं.

लाल सूत कपाटाच्या माथ्याच्या वर जायला हवं होतं. चार बोटं वर. ते माथ्यापर्यंतही पोचलं नाही. वरच्या बिजागरीपाशीच लाल सुरू झालं. त्या कपाटाला मी सुगीपासून टेकत आले होते, त्याची उंची माझ्या हाडांना पाठ होती. हे कोपर माझं नव्हतं. हे चांगल्या वीतभर बुटक्या बाईचं कोपर होतं.

रामनाथमामानं माझ्याकडे बघितलं, सुताकडे बघितलं, मग धोंडूबाईकडे. "पाय बरेच कापावं लागतील," तो म्हणाला.

"काप की. त्याच्यासाटीच बोलावलाय."

त्यानं पहिलं कपाट पाठीवर आडवं केलं. पायाच्या टोकापासून वीतभर मोजलं, करवत टेकवली. करवत फिरली. सागाचा वास आला, आणि त्याच्या मागून खाडीचा, जुन्या मिठाचा. तेवढ्यानं मी जागी झाले.

"थांबा मामा."

करवत थांबली. पायाला बोटाच्या पेराएवढी खाच पडली होती.

मी सूत उचललं. मला फक्त ते नीट बघायचं होतं, खरंच सांगते, माझ्या मनात तोवर सगळा राग सासूवरच होता. म्हातारीचा कावा म्हातारीनं केला, माझा नवरा भोळा, त्याला काही ठाऊक नाही. पांढरं सूत जिथं संपून लाल सुरू होत होतं तिथं मी बोट फिरवलं. गाठ दिसत नव्हती. बोटाला लागली. बारीक, चपटी, शेपूट नसलेली.

माझा दुसरा हात आपोआप मानेमागे गेला. तिथंही तीच.

मी सांगू शकत नाही मला काय झालं. पाय मोडला तेव्हा असं दुखलं नव्हतं. धोंडूबाईच्या वाकड्या बोटांना ही गाठ सात जन्मांत जमली नसती. म्हणजे तो गेला होता. शुक्रवारी, लूम बंद असताना, स्टोव्ह आणायच्या निमित्तानं. त्या गोदूला भिंतीशी उभी केली असेल, तिच्या पायांशी सूत धरलं असेल, वर नेलं असेल, तिनं कोपर वाकवलं असेल, आणि त्यानं तिथं, तिच्या कोपराशी, ती गाठ मारली असेल. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर.

आणि मी विटा घासत होते. तिच्या ओट्यासाठी.

"आये," मी म्हटलं, "हे माप गोदूचं हाय."

धोंडूबाईनं नाकारलं नाही. तिच्यात तेवढा करारीपणा होता. खांबाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "हाय. मंग? माझं हात बघ. मी आज हाय, उद्या न्हाय. माझ्या मागं माझ्या पोराला कोन रांधून घालनार? तू? बगल्यावानी एका पायावर उभी राहून?"

"बगला उभ्यानंच पोट भरतो, आये. मी पन उभ्यानंच रांधनार होते. तेच तर सांगितलेलं मी तुमाला."

"जास्त बोलू नको. मामा, कापा तुमी."

रामनाथमामानं करवत मांडीवर आडवी ठेवली. "धोंडूबाय, मी लाकडाचा मानूस. घरातलं तुमी घरात बघा. पन माप एक सांगा. कापलेलं लाकूड परत चिकटवता येत न्हाय."

आणि नेमका तेव्हा केसरीनाथ दारात आला. भिवंडीतली वीज गेली होती, लूम बंद, सगळे कामगार घरी. अंगावर कापसाचे पांढरे तंतू, गळ्यात रुमाल. दारात सायकल टेकवून आत आला, आडवं पडलेलं कपाट बघितलं, माझ्या हातातलं सूत बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं पाणी उतरलं. त्याला विचारायची गरजच उरली नाही. तरी मी विचारलं.

"ही गाठ कुनाची?"

तो आईकडे बघू लागला.

"तिकडं नको बघू. मी विचारते." आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला एकेरी हाक मारली, तीही चारचौघांत. "ही गाठ कुनी मारली?"

"आये बोलली म्हनून गेलो," तो म्हणाला. आवाज असा की लूम चालू असता तर ऐकूही आला नसता.

"माप पन आयेनं घेतलं काय?"

त्यानं गळ्यातला रुमाल ओढून हातात घेतला.

मला तेव्हा त्याला मारावंसं वाटलं. मारलं असतं तर हलकी झाले असते, पण मग मी गेले असते आणि हे घर, ही कपाटं, तेल लावलेली ती दारं, सगळं त्या वीतभर बुटक्या बाईचं झालं असतं. तिच्यावर माझा राग नव्हता. तिला कुणी काय सांगितलं होतं देव जाणे. मला एवढंच कळत होतं की हा माणूस जो दाबेल त्याच्या बाजूला झुकतो. इतके दिवस त्याची आई दाबत होती, कारण मी दाबलंच नव्हतं. मी 'मी हाय ना'वर समाधान मानत बसले होते.

मी म्हटलं, "मामा आज कशेलीला परत जानार हायत. तुला गोदू आनायची तर मी आत्ता त्यांच्याबरोबर निघते. लुगडी पन घेत न्हाय. पन मंग हे कपाट तू धर आन् मामा कापतील. तुझ्या हातानं धर. मी उभी राहून बघते. आन् कापायचं नसल तर तुझ्या खिशात सूत असतं. ते काढ आन् माझं माप घे. मामासमोर."

चुलीवर भाताचं आधण खदखदत होतं. धोंडूबाई म्हणाली, "केसरी, बाहेर हो." तो हलला. मला वाटलं, चालला. संपलं.

त्यानं खिशात हात घातला. लूमवाल्यांच्या खिशात सुताचे तुकडे असतातच, पांढरे, रंगीत, गुंता झालेले. त्यानं ते बाहेर काढले, एक लांब पांढरा सोडवून घेतला आणि माझ्या पायाशी बसला. सूत जमिनीला धरायला त्याला उजव्या पायाशी यावं लागलं. लुगडं जरा वर होतं. गुडघ्याखालचा, त्या पडण्याचा लांबलचक व्रण त्याच्या तोंडासमोर होता. सुगीपासून त्यानं तो एकदाही बघितला नव्हता, दिवा मालवल्याशिवाय माझ्याजवळ आला नव्हता. आता बघितला. सूत हळूहळू वर नेलं. मी कोपर वाकवलं. त्याची बोटं माझ्या कोपराला लागली, तर थंडगार होती.

त्यानं लाल तुकडा घेतला आणि गाठ मारायला गेला. गाठ बसेना. दिवसभर अशा गाठी मारणारा माणूस, आणि सूत त्याच्या बोटांतून निसटत होतं. परत घेतलं, परत निसटलं.

"घाई न्हाय," मी म्हटलं. "नीट बसव."

अखेर बसली. मी बोट फिरवून बघितली. मग सूत रामनाथमामाच्या हातात दिलं. त्यानं कपाट उभं केलं, सूत लावलं, लालच्या खाली चार बोटं मोजली, त्यातून कडप्प्याची जाडी वजा केली. "कापायचं कायच न्हाय," तो म्हणाला. "हाय तसंच बसतं." आणि करवत पोत्यात गुंडाळून ठेवली.

"मामा, ऐकलंत ना सगलं?" मी विचारलं. त्यानं मान हलवली. म्हणजे आज संध्याकाळी माझ्या भावांनाही कळणार होतं. धोंडूबाईच्याही ते ध्यानात आलं. स्वस्तातला सुतार तिला भलताच महाग पडला.

मी केसरीनाथकडे वळले. "आता वखारवाल्याला कोन सांगनार?"

"मी सांगतो."

"कवा?"

"शुकरवारी जाईन."

"आज बत्ती न्हाय. लूम बंद हाय. सायकल दारात हाय."

आईकडे त्यानं या वेळी बघितलं नाही. रुमालानं तोंड पुसलं आणि सायकल काढली. तो परत येईल की नाही, तिथं जाऊन आणखी कुणापुढे झुकेल, मला काही खात्री नव्हती. मी एका हातानं कपाटाचं दार धरून उभी होते. धोंडूबाई चुलीपुढे बसायला गेली, भिंतीला धरून, गुडघे वाजले. बसता बसता तिच्या तोंडून 'आई गं' निघालं. माझ्याकडे तेव्हा तिच्यासाठी दया नव्हती, उगाच होती म्हणून कशाला सांगू?

दिवेलागणीला सायकल वाजली. तो आत आला, म्हणाला, "सांगितलं. वखारवाला लय बोलला." मी म्हटलं, "बोलू दे."

दुसऱ्या दिवशी कडप्पा बसला. चूल फोडली नाही, परसात नेली, पाणी तापवायला. सासू आठवडाभर माझ्या हातचं जेवली नाही, मग भूक तिच्यापेक्षा मोठी ठरली. आता ती ओट्याजवळच्या भिंतीशी बसून लसूण सोलते आणि रॉकेलचा वास येतो म्हणून कुरकुरते. मी तिला वाढते. आमच्यात तेवढंच आहे, आणि तेवढं पुरेसं आहे.

रामनाथमामा जाताना म्हणाला होता, "पायाची खाच भरून देतो. भुसा न् सरस घातला का दिसनार पन न्हाय." केसरीनाथनं लगेच मान हलवली. मी म्हटलं, "राहू द्या."

ती अजून तशीच आहे. घरातली माणसं जेवायला खालीच बसतात, आणि केसरीनाथची जागा कपाटासमोरची. बसला की खाच त्याच्या ताटासमोर येते. पहिले काही दिवस त्यानं पाट सरकवून बघितला. मी पाट उचलून परत जागेवर ठेवला, आणि मग त्यानं सरकवायचं सोडलं. मी ओट्याशी उभी असते, तो खाली मान घालून जेवतो.

"मीठ बराबर हाय ना?" मी वरून विचारते.

तो हो म्हणतो.